लोखंडाचा इटाळ

त्या सकाळी करंजटाकळीच्या महादेवापुढं एवढी माणसं लोटली, की पिंपळावरच्या कावळ्यांनी बिऱ्हाडं उचलून शेजारच्या गावाला नेली म्हणतात. कावळ्यांचं सोडा, पण माणसं लय होती एवढं खरं. मानवतच्या बाजाराला निघालेल्या गाड्या वाटंतनं वळून इकडं आल्या होत्या. निजामाचं राज, माघाचा महिना, जोंधळ्याची कणसं भरत आलेली, आन राखणीच्या गोफणी माळ्यावर टाकून सगळं गाव देवळापुढं!

मधोमध हरणाच्या कातड्यावर धूरनाथ महाराज बसलेले. दाढी बेंबीपतोर, डोळ्यात काजळ, अंगाला राख. पुढ्यात मातीचा मोठा डेरा. डेऱ्यात हिरवं तीर्थ, वर बेलाचा पाला तरंगायलेला. डेऱ्याभोवती चेल्यानं भस्माची रेघ ओढलेली. त्या रेघेच्या आत लोखंड आणायचं न्हाई. विळा न्हाई, खुरपं न्हाई, पायतानातला खिळासुद्धा न्हाई. लोखंडाचा इटाळ झाला की तीर्थातली शक्ती मरती, असा महाराजांचा हुकूम.

"भुजंगराव, पुढं या!" चंद्रभान पटेलांनी हाळी दिली. हे गावचे पोलीस पटेल. महाराज उतरले होते ते यांच्याच ओसरीवर, त्यामुळं पटेलांची छाती दीड हात झाली होती.

साठीचा भुजंगराव खोकत खोकत पुढं आला. बायांच्या घोळक्यात त्याची बायको धुरपताबाई पदर मुठीत धरून उभी होती.

"बच्चा, कितने साल पिया?" महाराजांनी विचारलं.

"पस्तीस साल, महाराज."

"पैंतीस साल!" महाराजांनी डोळे फिरवले. त्यांची बोली म्हंजे काशीची हिंदी आन जिंतूरची मराठी एका परातीत कालवलेली. "अरे, तुझ्या छातीत धूरासूर मांडी घालके बैठा है! अकेला नहीं, उसको बाल-बच्चे हैं, नातवंडं हैं! आज हम उसको बिऱ्हाडासकट बाहेर काढेगा! छापी निकाल!"

आता चिलमीची एक रीत असती. चिलीम दहा हातांतनं फिरंल, पण तिच्या बुडाला गुंडाळायचं ओलं फडकं, म्हंजे छापी, ज्याची त्याची. दुसऱ्याच्या छापीतनं कुणी दम मारत न्हाई. भुजंगरावानं कंबरेची छापी काढून दिली. चेल्यानं ती डेऱ्यात बुचकळली, पिळली, पेटल्या चिलमीला गुंडाळली आन भुजंगरावाच्या हातात दिली.

"मार दम! आखरी दम!"

भुजंगरावानं ओठ लावून दम ओढला. दुसऱ्यांदा ओढला. तिसऱ्याला त्याचं तोंड कारलं चावल्यागत वाकडं झालं. डोळे पांढरे झाले, पोटातनं कळ आली आन भडाभडा ओकला.

"देखो! धूरासूर का रंग देखो!" महाराज उठून नाचायलेच लागले. "पळायला रे पळायला, शेंडीसकट पळायला!"

चेल्यानं चिलीम दगडावर आपटली. खाप्प! फुटक्या चिलमींच्या ढिगात आणखी एक पडली. एकोणिसावी. मागच्या अठरा जणांनी हर हर महादेव केलं, आन धुरपताबाईच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं.

तिनं काय कमी खटपट केली होती? तंबाखूत लाल तिखट मिसळलं, तर भुजंगराव म्हणला, "आज तंबाखूला चव हाय." देवगाव फाट्यावरच्या एका चिलीमवाल्याच्या छातीतनं मेल्यावर एवढी काजळी निघाली, की सगळ्या गावानं ती वर्षभर डोळ्यांत घातली, असं ती शपथेवर सांगायची. पण धुरपताबाईच्या शपथेला गावात किंमत नव्हती. दुधना नदीतल्या मरळ माशानं भरली बैलगाडी पाठीवरनं पार करून दिली आन वरून गाडीवानाला इडी मागितली, ही थाप तिचीच. लेकरं तिच्याभोवती कोंडाळं करायची आन मोठी माणसं म्हणायची, मामीचं निम्मं सोडा आन निम्मं विसरा.

मानवतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरसाबनं मात्र छातीला नळी लावून साफ सांगितलं होतं. "चिलीम सोडा, न्हाईतर पुढच्या हुरड्याला तुम्ही नसाल." हे ऐकून भुजंगराव बाहेर आला, दवाखान्याच्या भिंतीला टेकला आन चिलीम भरली. असं ते व्यसन. म्हणून त्या दिवशी चिलीम फुटली तशी धुरपताबाईनं महाराजांपुढं नारळ ठेवला आन पाय धरले. तीबी माणूसच हाय.

महाराजांचा नेम एकवीस दिवसांचा. रोज सकाळ-संध्याकाळ वाटीभर तीर्थ. घरी मातीच्या मोग्यात ठेवायचं, लोखंड लागू द्यायचं न्हाई. मधी दवाखान्याचं औषध घेतलं, तर निघालेला धूरासूर खवळून घरातल्या लेकरावर बसणार. आन एकविसाव्या दिवशी पूर्णाहुती. डेऱ्याच्या तळाचं घट्ट तीर्थ, तांब्याभर, एका दमात.

पहिले चार दिवस घरात सण होता. धूर न्हाई, खोकला निम्म्यावर. पाचव्या दिवसापासून भुजंगरावाच्या पोटात मुरडा सुरू झाला. खाल्लेली भाकर टिकंना. आठव्या दिवशी त्याला उठून बसताना भिंतीचा आधार लागायला.

"आवो, ते तीर्थ दोन दिस बंद ठेवा," धुरपताबाई म्हणली.

"आन मंग चिलीम धरू? आगं, त्या तीर्थाचा वासच आला की चिलमीची याद पळती. मला जगायचं हाय, धुरपते. मधी बोलू नको."

ती महाराजांकडं गेली. महाराज पटेलांच्या ओसरीवर साखरभात जेवायलेले. "माई, धूरासूर पैंतीस सालाचा भाडेकरू हाय. घर खाली करताना सामानाची आदळआपट होणारच!" लोक हसले. धुरपताबाईबी हसली, पण अर्धंच.

कारण तिच्या परसाच्या मागंच त्या एकोणिसांतल्या सटवाजीचं घर होतं. सटवाजीनं शेतातल्या आखाड्यावर कुणाला न कळू देता दोन दम मारले होते. मग त्याचं त्यालाच भेव पडलं, आन पाप फिटावं म्हणून त्यानं एका बैठकीला चार वाट्या तीर्थ पेलं. आता तो बाजेवर पडून होता. डोळे हळदीवानी पिवळे. त्याची बायको कडूबाई उंबऱ्यात बसून तीन वर्षांच्या लेकराला छातीशी धरायची.

"गाडी जुंप की गं, परभनीच्या दवाखान्यात ने," धुरपताबाई म्हणली.

"कशी नेऊ, मामी? महाराज म्हनले, डाक्टरचा हात लागला की धूरासूर ह्या लेकरावर बसंल. नवरा बगू का लेकरू बगू, तुमीच सांगा."

धुरपताबाई घरी येऊन नवऱ्याच्या खोल गेलेल्या डोळ्यांकडं बघत बसली. पूर्णाहुतीला दहा दिवस होते.

बाराव्या दिवशी सकाळी ती हरभरा काढायला निघाली होती. विळा राखेनं घासून लखलखीत केला आन खुंटीला अडकवायला गेली. हात चुकला म्हणा, खुंटी हलली म्हणा. विळा निसटला तो थेट खालच्या मोग्यात. डुबुक!

लोखंडाचा इटाळ! कोपऱ्यात भुजंगराव डोळे मिटून पडलेला. त्याला काही झालं तर? शेजारचं ते तीन वर्षांचं लेकरू? तिनं महादेवाचं नाव घेतलं, पण हात पुढं होईना. पाच-सहा वेळा पुढं केला आन मागं घेतला. शेवटी डोळे मिटून विळा ओढून काढला.

डोळे उघडले तर विळ्याचं वरलं निम्मं पातं लोखंडाचं, आन खालचं निम्मं लाल!

रगत! ती मागं सरकली, तिची पाठ कणगीला लागली. थोड्या वेळानं तिच्या ध्यानात आलं की रगत असतं तर ते गळालं असतं. हे गळत न्हाई. तिनं अंगठ्यानं पातं पुसलं. अंगठ्याला लाल भुकटी लागली आन चुलीच्या उजेडात चकाकली. नव्या घागरीवानी. तांबं!

आन मग पंचेचाळीस वर्षांमागचा एक दिवस तिला लख्ख आठवला. ती नवी नवरी होती. सासऱ्यानं पेरणीचा जोंधळा मोरचुदाच्या निळ्या पाण्यात भिजत घातला होता, कणसाला काणीचा रोग पडू नये म्हणून. तिचं खुरपं चुकून त्यात राहिलं आन लालभडक होऊन निघालं. माझ्या खुरप्याचं सोनं झालं, म्हणून ती गावभर ओरडत पळाली. तिच्या आयुष्यातली पहिली थाप ती. सासरा पोट धरून हसला होता. "आगं पोरी, मोरचुदातलं तांबं चढलं ते लोखंडावर. पळ, हात धू आधी. ते पानी कोंबडीनं पेलं तर कोंबडी मरती."

कोंबडी मरती! आन हिचा माणूस बारा दिवस ते वाटी वाटी पीत होता. बेलाचा रस घातला की निळ्याचं हिरवं होतं, कळणार कुणाला? छापी बुचकळली तीबी ह्याच्यातच. ओठाला मोरचूद लागल्यावर नुसता धूरासूर कशाला, बैलबी ओकला असता.

इटाळाचं कोडं आता सुटलं. लोखंड तीर्थाला बाटवत नव्हतं. लोखंड चहाडी करत होतं, म्हणून त्याला रेघेबाहेर ठेवलं होतं.

ती तशीच बसवंतआप्पाच्या दुकानात गेली.

"आप्पा, मोरचूद हाय का?"

"माघात?" कपाळाला भस्माचे पट्टे ओढलेला आप्पा हसला. "काय पेरायलीस, मामी? चांदन्या?"

"हाय का न्हाई ते सांग."

"चार खडे राहिलेत. बाकी सगळं त्या महाराजांच्या चेल्यानं नेलं. मी म्हनलं, बैलाच्या खुराला लावायला आसंल..." बोलता बोलता आप्पाचा हात तराजूवरच थांबला. "मामी, महाराजाला तर बैलच न्हाई."

"न्हाई ना?"

आप्पानं इकडं तिकडं बघितलं. खडे कागदात बांधून तिच्या हातात कोंबले. "मला इचारू नका. पटेलाच्या ओसरीवरला मानूस हाय. मला गावात दुकान चालवायचंय."

धुरपताबाईनं विहिरीवर बायांना सांगून बघितलं. बाया घागरी खाली ठेवून हसल्या. "मामी, हे कुनी सांगितलं? त्या मरळ माशानं का?" मग ती थेट पटेलांकडं गेली. पटेलांनी हात जोडले. "मामी, थापा लेकरांना सांगा. एकोनीस जनांची चिलीम सुटली, हे तर खरं हाय का न्हाई?"

सुटली तर होतीच. पस्तीस वर्षं तिला जे जमलं न्हाई, ते ह्या लबाडाच्या मोरचुदानं एका सकाळी केलं होतं. घरी जाऊन नवऱ्याला खरं सांगितलं, तर महाराजांवरचा इस्वास जाईल आन उद्या चिलीम परत हातात येईल. चिलमीनं मरंल. न सांगितलं, तर तीर्थानं मरंल. जन्मभर तिनं खोटं बिनदिक्कत सांगितलं होतं, आन आता खरं सांगायची वेळ आली तर जीभ उचलंना.

दिवेलागणीच्या आधी तिनं मोगा उचलला, गोठ्याच्या मागं खड्डा करून त्यात रिकामा केला, राखेनं सात वेळा घासला. आडाचं पाणी भरलं. बेलाचा पाला वाटून त्याचा रस त्यात पिळला. हिरवंगार झालं. मग स्वतः वाटी भरून भुजंगरावापुढं धरली.

भुजंगराव प्याला. तोंड वाकडं केलं. "थू! दिसामाजी कडूच व्हायलंय हे."

तिनं तोंडात पदर कोंबला.

पण हसू तिथंच संपलं. आता चिलमीच्या आड काहीच उरलं नव्हतं. आडाचं पाणी काय अडवणार पस्तीस वर्षांच्या सवयीला? तो बाहेर गेला की तिचा जीव दारात. परत आला की ती त्याचा सदरा हुंगायची. तेराव्या दिवशी उलटी थांबली. चौदाव्याला त्यानं भाकर आन पिठलं मागितलं. पोट दुरुस्त व्हायलं तशी तल्लफबी जागी व्हायली. बोटं उगीच चाळवायली, जेवण झालं की हात कंबरेला जायचा. दारातल्या लेकरांवर खेकसायचा. एकदा तर भाकर करपली म्हणून ताट सरकवून दिलं.

सोळाव्या दिवशी दुपारी ती पाणी घेऊन आली तर भुजंगराव कणगीच्या मागं हात घालून चाचपायलेला. ती दाराआडच थांबली. त्याचा हात बाहेर आला तेव्हा त्यात एक जुनी चिलीम होती. कवा लपवली होती कोण जाणे! त्यानं ती सदऱ्याला पुसली. नाकाशी नेली. डोळे मिटून श्वास घेतला. मग बंडीच्या खिशातनं चिमूटभर तंबाखू काढली. कुणाची मागून आणली होती, त्यालाच ठाऊक. चुलीत निखारा होताच.

डोईवरच्या घागरीतलं पाणी तिच्या मानेवर ठिबकायलं, तरी ती हलली न्हाई. एक हाक मारली असती तर झालं असतं. पण आज हाक मारली, उद्या मारली, परवा कोण मारणार? परवा ती शेतात असणार.

त्यानं तंबाखू चिलमीत घातली. अंगठ्यानं दाबली. चुलीकडं वळला. आन तिथंच खोकल्याची एक उबळ आली, बारीकच. तो थांबला. छातीवर हात ठेवून उभा राहिला. किती वेळ राहिला देव जाणे, धुरपताबाईला म्हसराचं रवंथ ऐकू यायलं होतं. मग त्यानं चिलीम उलटी केली, तंबाखू चुलीत झटकली आन चिलीम कणगीमागं ठेवून दिली. मोग्याकडं गेला सुद्धा न्हाई.

धुरपताबाई पाय वाजवत घरात आली. "आज लय ऊन हाय," ती म्हणली.

"व्हय," तो म्हणला.

एकविसाव्या दिवशी देवळापुढं परत तीच गर्दी. डेरा आता तळाला आला होता. तळाचं पाणी घट्ट, गडद. एकोणीसपैकी अठरा जण ओळीनं बसलेले, कुणाचे गाल बसलेले, कुणाचा हात पोटावर. एकोणिसावा सटवाजी, त्याला बाजेसकट आणून पाराशी ठेवला होता. पूर्णाहुतीनं त्याचा धूरासूर कायमचा जाईल, असं महाराजांचं वचन. कडूबाई बाजेला धरून उभी. ओळीत पहिला भुजंगराव.

चेल्यानं पहिला तांब्या भरला. डेऱ्याच्या तळातनं बारीक खडे खळखळल्याचा आवाज आला. धुरपताबाईनं तो ऐकला.

"थांबा महाराज!" ती पुढं घुसली. "माझीबी एक सवय हाय. ती आधी सोडवा."

"कौन सी सवय, माई?"

"थापा मारायची."

सगळं देऊळ हसलं. पटेल हसले, चेला हसला. महाराजांनी दाढी कुरवाळली. "उसका भी असुर होता है! थापासूर! जिभेच्या मुळाशी उसका खाट टाकेला रहता है!"

"मंग द्या तांब्या इकडं. ह्यांच्या आधी मी पिते."

महाराजांनी मान हलवली. चेल्यानं तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो खाली दगडावर ठेवला, पदराखालचा विळा काढला आन कुणाला कळायच्या आत पातं आत बुडवलं.

"इटाळ! इटाळ!" चेला किंचाळला. माणसं उठली. भुजंगराव ओरडला, "धुरपते, येडी झालीस का गं?" पटेल दात खात पुढं आले.

"शंभर मोजू द्या," ती म्हणली. तिनं विळा सोडला न्हाई. "शंभर मोजा आन मंग मला गावाबाहेर काढा. एक, दोन, तीन..."

पारावरची दोन लेकरंच तिच्यासंगं मोजायली. शंभराला तिनं विळा वर केला. उन्हात पातं लालभडक चमकलं. गर्दीतनं 'हाऽऽ' असा आवाज आला.

आन धूरनाथ महाराजांनी तो आवाज वाया जाऊ दिला न्हाई. दोन्ही हात वर करून गरजले, "चमत्कार! देखो तीर्थाची ताकत! लोखंडाचा तांबा हो गया! इस बुढिया का पाप जल गया! बोलो हर हर..."

"महादेव!" गाव ओरडलं. लोकं पाया पडायली. पटेलांनीसुद्धा हात जोडले. तिची सगळी चाल तिच्याच अंगावर उलटली. बाजेवर सटवाजी कण्हायला होता. चेल्यानं दुसरा तांब्या भरून भुजंगरावापुढं धरला आन भुजंगरावानं तो घेतला.

"आप्पा!" धुरपताबाईनं गर्दीत मागं उभ्या बसवंतआप्पाकडं बोट केलं. "माझं कुनी ऐकत न्हाई, मी थापाडी. तुमी लिंगाला हात लावून सांगा. चेल्यानं तुमच्याकडनं काय नेलं?"

सगळ्या माना मागं वळल्या. आप्पाचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. त्यानं पटेलांकडं बघितलं, मग बाजेवरच्या सटवाजीकडं बघितलं.

"मोरचूद," आप्पा म्हणला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून परत मोठ्यानं म्हणला. "दुकानातलं सगळं मोरचूद. माघाच्या महिन्यात."

धुरपताबाईनं कनवटीची पुडी सोडली. "हे आप्पाच्याच दुकानातले खडे. पटेल, तुमीच भिजवा. देवळाच्या आडाचं पानी घ्या, खुरपं कुनाचंबी घ्या. मी हात लावत न्हाई, मंतर म्हनत न्हाई."

पटेल तसा माणूस वाईट नव्हता. फक्त ओसरीवर साधू उतरला की फुगणारा होता. त्यानं मातीच्या परळात पाणी घेतलं, खडे चुरून टाकले, पाणी निळं झालं. एका गड्याचं खुरपं राखेनं घासून त्यात ठेवलं. ह्या वेळी सगळं गाव मोजायलं. साठालाच पटेलांनी खुरपं काढलं.

लाल!

"आता माझ्याबी पाया पडा," धुरपताबाई म्हणली. "मीबी महाराज झाले. पेरनीच्या टायमाला तुमच्या घराघरात महाराज असतो की रे! बी भिजवलेलं हे पानी कोंबडीला पिऊ देत न्हाई तुमी, आन स्वतः वाटीनं प्यायलात!"

"झूठ! हा थापासूर बोलायला है!" महाराज ओरडले.

पटेलांनी भुजंगरावाच्या हातातला तांब्या काढून घेतला आन महाराजांपुढं धरला. "तसं आसंल तर महाराज, तुमीच प्या. एका दमात."

"हम सिद्ध आहे. हमको जरूरत नहीं."

"प्या."

महाराजांनी तांब्याकडं बघितलं. तांब्यानं महाराजांकडं बघितलं. चेला तोवर झोळी काखेत मारून देवळामागनं हरभऱ्याच्या रानात शिरला होता. तो गंगाखेडपतोर न थांबता पळाला आन गोदावरीत उडी मारूनच थांबला, असं धुरपताबाई पुढं सांगायची. महाराजांना मात्र दाढी आवरंना, त्यामुळं पळता आलं न्हाई. पटेलांनी त्यांना चावडीत कोंडलं आन पोलिसांच्या अमीनसाबला सांगावा धाडला.

कडूबाईचा भाऊ गाडी जुंपायला पळाला. लेकरू काखेला मारून कडूबाई गाडीत चढली, आन सटवाजी परभणीच्या दवाखान्याच्या वाटंला लागला. दीड महिन्यानं तो आपल्या पायानं गावात आला. पण ते नंतरचं.

त्या घडीला भुजंगराव ओळीत तसाच उभा होता. त्याचं तोंड रागानं काळं पडलं होतं.

"म्हंजे सगळं खोटं," तो म्हणला. "धूरासूर खोटा, तीर्थ खोटं. मंग माझी चिलीम सुटली तीबी खोटीच की! बिनकामी एकवीस दिस तळमळलो. आना रे कुनी चिलीम!"

मागं कुणीतरी बाहेरगावचा गाडीवान दम मारत उभा होता. त्यानं पेटती चिलीम पुढं केली. भुजंगरावानं ती घेतली. बाकीचे सतरा जण त्याच्या हाताकडं बघायले. धुरपताबाईला कळलं, आता ह्या एका दमात अठरा दम हायेत.

"आवो," ती म्हणली, "नऊ दिस तुमी तीर्थ पेलाच न्हाईत. आडाचं पानी पेलात. वर बेलाचा रस."

"थाप," भुजंगराव म्हणला. चिलीम ओठाशी होती.

"थापच समजा. आप्पा, आमच्या घरनं मोगा आना. तुमीच आना."

आप्पा मोगा घेऊन आला. आत हिरवं पाणी हिंदकळत होतं. धुरपताबाईनं विळा दगडावर घासून पांढरा केला आन आप्पाच्या हातात दिला. आप्पानं बुडवला. भुजंगराव मोजायला. मोठ्यानं, एक एक आकडा, चिलमीचा धूर त्याच्या नाकापुढनं वर जात होता. शंभर झाले. "अजून शंभर," तो म्हणला. अजून शंभर झाले.

आप्पानं विळा काढला. पाणी निथळलं. पातं लोखंडाचंच होतं. पांढरं, स्वच्छ.

भुजंगरावानं पात्यावरनं बोट फिरवलं. मग हळूच म्हणला, "सोळाव्या दिशी... कनगीमागं..."

"मी दाराआड व्हते."

"आन बोलली न्हाईस?"

"काय बोलू? मोरचूद नव्हतं, महाराज नव्हता, मीबी नव्हते तिथं तुमच्यासाठी. तंबाखू चुलीत कुनी झटकली?"

भुजंगरावानं चिलीम ओठापासनं खाली घेतली. गाडीवानाला परत दिली. "ईझव बाबा ती," तो म्हणला, "नाकाला झोंबायलीय." आन मग बायकोकडं वळून, सगळ्यांदेखत, "आडाचं पानी व्हतं, तर मंग एवढं कडू कसं लागलं गं?"

"ते तुमच्या डोस्क्याला इचारा," ती म्हणली, आन पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा दोघं चारचौघांत हसली.

अठरापैकी चौघांनी पुढं परत चिलीम धरली, हे लपवायचं कशाला? सवय ती सवय. पण चौदा जणांनी धरली न्हाई. त्यांना कुणी असुर काढून दिला नव्हता. तल्लफ आली की ते उठायचे, पाणी प्यायचे, बांधावर चक्कर मारायचे, बायकोवर खेकसायचे आन मग माफी मागायचे. महिन्या-दोन महिन्यांनी तल्लफ थकली. एवढाच तो चमत्कार, आन तो ज्याचा त्यानं केलेला.

देव मानायचा का न्हाई, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण जो माणूस म्हणतो, इथं लोखंड आणू नका, इथं डॉक्टर आणू नका, इथं प्रश्न आणू नका, त्याच्या डेऱ्यात आधी तेच बुडवून बघावं. धुरपताबाई मरेपतोर थापा मारत राहिली, आन हीच एक गोष्ट सांगताना शेवटी म्हणायची, "माझ्यावर इस्वास ठेवू नका रे. कुनावरच ठेवू नका. इळा घरात हाय तुमच्या."

करंजटाकळीत पुढं कुणी बाबा तीर्थ घेऊन आला की माणसं नारळ आणायला जायची, आन बाया चुलीपाशी बसून विळे राखेनं घासायच्या.